जिन्याखालची

९ ऑक्टोबर

प्रिय चिंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते फाडायच्या आधी एवढं वाच. घरात कुणी गेलेलं नाही, मी आजारी नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. एक विचारायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

पत्ता मामेबहिणीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, ती तर फोन नंबरही देत होती. मीच नको म्हटलं. फोनवर माझं 'हॅलो' ऐकलंस की तू रिसीव्हर ठेवून देशील. पत्रही ठेवून देता येतं, पण त्याला आधी उघडावं लागतं.

तर गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. जुनी कॉमिक्स गोळा करतात, त्यातही भुतांच्या सिनेमांवर निघालेली तेवढीच. मला वाटलं रद्दीवाले. पण त्यांनी खुर्चीत बसून खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घातले. मी म्हटलं, साबण आहे आमच्याकडे, हात धुतलेत तरी चालेल. हसले नाहीत. विचारलं, 'जिन्याखालची' आहे का?

ते नाव ऐकलं आणि मी दूध उतू जातंय असं सांगून आत गेले. गॅसवर काहीसुद्धा नव्हतं.

बाहेर आले तेव्हा त्यांनी आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, पत्र वाटेत कुणी वाचलं तर माझ्या घरी दरोडा पडेल. मी म्हटलं, एवढ्या पैशांत तर तो सिनेमाच काढून झाला असता. म्हणाले, झाला असता, आणि बरा झाला असता. तेवढ्यापुरते हसले.

त्यांनी मग मला पोरीला समजवावं तसं समजावलं. सिनेमा पडला. हडळीला रबराचं तोंड बसवलं होतं आणि बोलताना ते हनुवटीपाशी सुटायचं, तिथे लोक शिट्या मारायचे. त्याची रिळंसुद्धा आता कुठे नाहीत. राहिलं ते फक्त कॉमिक. आणि कॉमिकातली हडळ रबराची नाही. ती बघून माणूस घाबरतो आणि पुन्हा बघतो. हौशी लोक त्या एका चेहऱ्यासाठी ते पुस्तक शोधत फिरतात म्हणे. ही बाई कोण होती, ते सिद्ध झालं तर भाव आणखी चढेल.

मी म्हटलं, चित्रकाराच्या डोक्यातून आली असेल.

चित्रं यांनीच काढलेली, त्यामुळे घरात यांची स्वतःची प्रत आहे. हे गेल्यावर यांच्या खोलीतलं मी फारसं हलवलं नाही. टेबलाच्या खालच्या खणात, ब्राउन पेपरात, अगदी कोरी. कायद्याने ती माझी आहे, तसं मुलगाही म्हणतो. पण चेहरा तुझा आहे. विकू का? पोस्टकार्डावर एक शब्द लिहिलास तरी चालेल.

तुझी
ताई


२ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

उत्तर नाही. न लिहिणं हेही एक उत्तरच, पण मला ते नीट वाचता येत नाही म्हणून पुन्हा लिहितेय.

हातमोजेवाले परवा परत आले. मी प्रत बघायला दिली. सुईण बाळाला धरते तसं त्यांनी ते पुस्तक धरलं. पिना गंजल्यात का पाहिलं, कोपरे पाहिले, वास घेतला. वाचलं मात्र नाही. म्हटलं, गोष्ट बरी आहे, वाचा की. म्हणाले, पूर्ण उघडलं की कण्यावर घडी पडते आणि किंमत उतरते. आयुष्यभर शोधलेली कोरी प्रत हातात आणि वाचायची सोय नाही. मला त्यांची दयाच आली.

त्यांनी विचारलं, सिनेमातली हडळ सोडून चित्रकाराने ही का काढली? त्यांना मी उडवून लावलं. पण ते तुलाही ठाऊक नाही. तू कधी विचारलं नाहीस, यांनी कधी सांगितलं नाही. दोघं एकाच मातीचे.

सिनेमावाल्यांना कॉमिक पहिल्याच खेळाला थिएटरबाहेर विकायला हवं होतं. म्हणजे सिनेमा पुरा व्हायच्या आधी ते काढून, छापून, टाचून तयार पाहिजे. त्यांनी यांना गोष्ट तोंडी सांगितली आणि फोटोंचं एक पाकीट दिलं. फोटोंत सगळी पळणारी माणसं. जिना आहे, कंदील आहे, नायिका किंचाळतेय, नायक तिच्या मागे लपलाय. जिला बघून पळतायत तिचा फोटोच नाही. निर्मात्याला भीती, आधीच तोंड दिसलं तर तिकीट कोण काढील.

हे ते पाकीट घेऊन घरभर फिरायचे. आरशात बघून दात विचकायचे. मला म्हणाले, तू जरा घाबरवून दाखव. मी जीव तोडून दाखवलं. म्हणाले, तू पाहुण्यांना चहा घेणार का विचारतेयस असं वाटतंय. खरं सांगू का, मला वाईट वाटलं होतं. बायकोचं तोंड भुतालासुद्धा चालू नये.

आणि त्या दुपारी तू न्हाऊन बाहेर आलीस. शिवणाच्या क्लाससाठी तू बेतून ठेवलेल्या कापडाला यांनी रंगाचा ब्रश पुसला होता. ते तू पाहिलंस. ओले केस तोंडावर, त्यातून एकच डोळा, आणि बोट यांच्यावर रोखलेलं. हे म्हणाले, "थांब. अशीच थांब, हलू नकोस." तुझा राग कुठच्या कुठे गेला. तू हसू दाबत, मान न हलवता तशीच उभी राहिलीस, कारण तुला वाटलं भावोजी तुझं चित्र काढतायत.

चित्र तुझंच होतं. त्याचं पुढे काय झालं ते तुला सांगायला नको.

पण आठवतं ते आठवतंच. तुझं लग्न ठरत आलेलं, ते लोक आपल्याकडे बसलेले, तू चहा घेऊन आलीस आणि तुझी होणारी नणंद ओरडली, अगं बाई, ही तर जिन्याखालची. खोली हसली. नवरा मुलगा सगळ्यांत जास्त हसला. तू ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "ज्यांचं हसून झालं असेल त्यांनी चपला घालाव्यात."

हे वाक्य मी पुढे कितीजणांना ऐकवलंय म्हणून सांगू. फक्त तुला ऐकवायचं राहिलं.

तुझी
ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

कार्ड मिळालं. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला 'नाही' आणि पूर्णविराम. पोस्टाने तुला अर्धे पैसे परत करायला हवेत.

मी ते कार्ड आरशाच्या चौकटीत अडकवलंय. तुझी वेलांटी अजून तशीच आहे, छत्रीच्या दांड्यासारखी.

मग नाही तर नाही. विकत नाही. हातमोजेवाल्यांना तसं सांगितलं. म्हणाले, एकच कोडं सुटत नाही. त्या छापखान्याच्या बाकीच्या भुताखेतांच्या थप्प्या अजून मिळतात, हिच्या मात्र माझ्याकडची फाटकी आणि तुमची धरून चारच प्रती माहीत आहेत. बहुतेक गोदामाला आग लागली असावी. मी म्हटलं, आग लागली होती खरी. कुठे लागली ते सांगितलं नाही.

मला तुझा तो पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर दिसतो. पोरी शिवणाच्या पहिल्या कमाईतून रिबिनी घेतात, चपला घेतात. तू एकेक स्टॉल गाठून 'जिन्याखालची' घेत सुटलीस. एका स्टॉलवाल्याला वाटलं पुस्तक फार खपतंय, त्याने बिचाऱ्याने आणखी मागवल्या. तू मागच्या अंगणात काठीने डबा ढोसत होतीस आणि हे खिडकीत उभे होते. मी म्हटलं, खाली जा, तिच्याशी बोला. हे म्हणाले, लाल छान जळतोय. असे होते. घशाशी आलेलं दुसरंच काहीतरी बोलून गिळायचे. दुसऱ्या दिवशी तू ट्रंक उचललीस, आणि तेव्हापासून मामेबहिणीजवळसुद्धा यांचं नाव भावोजी नाही, 'तिचा नवरा'.

त्यानंतर यांनी माणसांचे चेहरे काढले नाहीत. साबणाच्या वड्या काढल्या, बिस्किटांचे पुडे काढले, कॅलेंडरांवरची तळी आणि डोंगर काढले. विचारलं तर म्हणायचे, डोंगर घर सोडून जात नाहीत.

तेव्हा आज लोक जो आकडा मोजायला तयार आहेत ना, तो यांच्या चित्राचा नाही गं. तो तुझ्या रागाचा भाव आहे. तुझा राग जरा कमी असता तर ते पुस्तक आज किलोवर गेलं असतं.

तुझी
ताई

ता. क. वर दोन ओळींची शाई फुटली आहे. मी रडलेबिडले नाही, उगाच फुशारू नकोस. वरून थेंब पडला.


१४ डिसेंबर

प्रिय चिंगे,

'येते. पुस्तक काढून ठेव.' एका शब्दावरून चारावर आलीस, प्रगती आहे.

स्टेशनवरून रिक्षा केलीस तर त्याला पाण्याच्या टाकीपाशी उतरव म्हण, पुढे रस्ता खणलाय. लिफ्ट बंद आहे. तुझ्या गुडघ्यांचं मामेबहिणीने सांगितलं, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगून जिन्यात एक खुर्ची ठेवायची व्यवस्था केली आहे. बस, मग चढ. त्या बाई बोलायला लागतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू काय करायला येतेयस ते मी विचारत नाही. पुस्तक टेबलावर काढून ठेवते. जाळायला येत असलीस तरी ये. फक्त एक गोष्ट कानावर घालते. तू हे जाळलंस की बाकीच्या तीन प्रतींचे मालक बसल्या जागी श्रीमंत होतील. परक्यांचं भलं करायची हौस असेल तर माझी ना नाही.

मुलगा मात्र रुसला आहे. विकत नाही म्हटल्यावर म्हणाला, आई, मग घराचं काय? मी म्हटलं, घराचं काय म्हणजे, घर आहे की जागेवर. त्याचं म्हणणं मी त्याच्याकडे राहायला यावं. सून चांगली आहे. स्वयंपाकघर तिचं आहे. हे सगळं तू मनावर घेऊ नकोस, पानाला जागा उरली म्हणून लिहिलं.

यांच्या खोलीतच तुझी गादी घालते. चालेल ना? न चालून करतेस काय, दुसरी खोली कोरडी नाही.

तुझी
ताई


१० जानेवारी

प्रिय चिंगे,

पोचल्याचं कार्ड आलं. चक्क दोन ओळी. अशी वाढत राहिलीस तर आपण दोघी जाईपर्यंत तू पानभर लिहिशील.

तो दिवस मी लिहून काढतेय. तू म्हणशील मी तिथे होते, मला कशाला सांगतेस. पण तुझी आठवण आणि माझी आठवण पुढे भांडणार, हे मला आत्ताच दिसतंय. भांडण होईल तेव्हा हा कागद काढ.

दारातून आत आलीस तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस, छताकडे बघितलंस. मग बादलीकडे. म्हणालीस, हे काय? मी म्हटलं, वरची टाकी झिरपते. तू हं म्हणालीस आणि सरळ यांच्या खुर्चीत जाऊन बसलीस. मी उगाच ओट्याशी खुडबुड करत होते. तू आतून विचारलंस, "ताई, काडेपेटी शोधतेयस की लपवतेयस?"

लपवतच होते.

तू पुस्तक उघडलंस. चांगलं सपाट उघडलंस, वर हाताने दाबलंस. हातमोजेवाले तिथे असते तर त्यांना खाली बसवून पाणी द्यावं लागलं असतं. तू पहिल्या पानापासून वाचलंस. तेव्हा मला कळलं की एवढ्या प्रती जाळल्यास, पण एकही वाचली नव्हतीस. नायक नायिकेच्या मागे लपला तिथे तू हसलीस. शेवटच्या मोठ्या चित्राशी आलीस, चष्मा पुसलास आणि पुन्हा बघितलंस.

"ताई, मी अशी होते?"

"अशीच होतीस."

"कुणी सांगितलं का नाही मला?"

काय सांगणार. आपल्या घरात मुलीला छान दिसतेस म्हणायची पद्धत नव्हती, शिंग फुटतात म्हणून.

मग तू सांगितलंस, तेवढं एक लिहिलं नाही तरी मला नीट आठवणार आहे. नात विचारते, आजी, तू तरुण होतीस त्याचा फोटो दाखव. आणि दाखवायला एकही नाही. स्टुडिओत जाऊन काढलेला एकच, तो त्या लग्नासाठी, त्या लोकांकडे गेला तो गेला. नंतरचं लग्न कचेरीत सह्या करून. नात म्हणते, म्हणजे तू आजीच जन्माला आलीस. तू ते हसत सांगितलंस. मला हसता आलं नाही.

"मी जाळायला नाही आले," तू म्हणालीस. "मला तेवढं तोंड हवंय."

मी कात्री आणायला उठले. तेवढ्यात बादलीत थेंब पडला, आणि तू आकडा विचारलास. मी सांगितला. तेवढ्या पैशांत हे छत दुरुस्त होईल का विचारलंस. मी म्हटलं, होईल, आणि वर रंगही होईल. झालं. तू पुस्तक मिटलंस आणि विक म्हणालीस. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, मी झेरॉक्स नेईन. गेलीस कोपऱ्यावर, त्या गुडघ्यांनी, जिने उतरून. त्या मशीनने तुझे केस आणि तोंड मिळून एक काळा डाग काढला. तू म्हणालीस, आता मात्र खरी हडळ दिसते. मग म्हणालीस, फोटो स्टुडिओत देऊन नक्कल करून घेऊ. मी म्हटलं, एकदा तुझं तोंड परक्यांच्या हाती दिलं ते अजून परत आलेलं नाही.

खरं कारण ते नव्हतं. तुला या घरातून नक्कल घेऊन जायला लावायचं माझ्या जिवावर आलं. एकदा तू चित्रासाठी उभी राहिलीस आणि रिकाम्या हाताने गेलीस. पुन्हा नाही.

म्हणून मी तुझं बोलणं संपायच्या आत पहिल्या चित्राला कात्री लावली. आणि तू किंचाळलीस. किमतीसाठी नाही.

"अगं, अशी धरतात का कात्री? वाकडं चाललंय सगळं. एवढी फी भरून कॉन्व्हेंटच्या मदरनी हे शिकवलं तुला?"

एका मुलीच्या फीचे पैसे होते, ते माझ्यावर खर्च झाले आणि तुला शिवणाला घातलं. तू हे जन्मात कधी बोलली नव्हतीस. बोललीस आणि माझ्या हातातली कात्री ओढून घेतलीस. वाकडं कापलेलं बघवेना तुला. मग एकेक करून सगळे चेहरे काढलेस, कडेने शिलाईला सोडावी तशी जागा सोडून. थेंब बादलीत पडत होता, तू कापत होतीस आणि मी पुढचं पान धरत होते. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आता तुला ठाऊक नसलेलं. मी हातमोजेवाल्यांना बोलावून पुस्तक दाखवलं. माणूस भला, ओरडला नाही. पानाला पडलेल्या भोकातून पलीकडे माझ्याकडे बघत राहिला. कुणी केलं विचारलं. मी म्हटलं, जिचं होतं तिने. त्यांना कळलं. नाव विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. जाताना म्हणाले, बाईसाहेब, त्यांना सांगा, माझ्याकडच्या प्रतीचा भाव वाढला. मी म्हटलं, सांगते. सांगितलं.

घराचं ठरलं. उन्हाळ्यात मुलाकडे जाते. मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. सुनेने एक ओटा माझा म्हणून वेगळा करून घेतलाय, न सांगता. यांचं टेबल तुला पाठवते, शिवणाचं मशीन त्यावर छान राहील.

आणि एक. सामान आवरताना ते पुस्तक पुन्हा चाळलं. एका बाजूचं तोंड कापलं की मागच्या बाजूचंही काहीतरी जातंच. पळणाऱ्या माणसांचे पाय गेलेत, त्यामुळे आता कुणालाच पळता येत नाही. आणि ते मोठं चित्र, शेवटून दुसऱ्या पानावरचं, त्याच्या मागे शेवटच्या पानाचा कोपरा होता. तिथे यांची सही होती. ती तुझ्याकडे गेली आहे. उलटून बघ. तुझ्या डाव्या गालाच्या मागे असेल.

तू तो चेहरा चौकटीत लावायचा म्हणत होतीस. खुशाल लाव. सही मागे जाईल, भिंतीकडे तोंड करून. वर्गात गडबड केली की मदर आम्हाला हीच शिक्षा करायच्या. तोंड भिंतीकडे, अवाक्षर बोलायचं नाही. पण वर्गाबाहेर कधी काढलं नाही त्यांनी कुणाला.

तुझी
ताई